तान्ह्याच्या माळावरची चूल

ती बाई चहा विकत नाही हो. सगळे तसंच समजतात. तीन दगडांची चूल दिसली की विचारतात, कितीला कप? तिला काही विचारू नका, इकडे या, मी सांगतो. मी नवसू पादीर, खालच्या ठाकरवाडीतला.

पाटी वाचलीत ना? साहेबानं हा डोंगर शोधला, तेव्हा इथं वस्ती नव्हती, असं लिहिलंय. शोधला म्हणे! आणि आमचे वाडवडील काय झाडावर राहत होते? तुमचा हा साहेब पॉइंट म्हणजे आमचा तान्ह्याचा माळ.

तेव्हा आमची वाडी इथंच होती, असं सांगतात. कापणी झाली की काही दिवस वाडी देवाला मोकळी सोडायची रीत. चुली विझवून सारवायच्या, माणूस, कोंबडं, कुत्रं मागं ठेवायचं नाही, आणि सगळ्यांनी खालच्या रानात जाऊन राहायचं. तेवढे दिवस देव घराघरातून फिरतो म्हणे.

त्या वर्षी वाडीच्या म्होरक्याची, हिरूची सून ठमी, तिचं तान्हं पोर गेलं. अंगणाच्या कडेला पुरलं होतं, माती अजून ओली होती. ठमी निघेना. म्हणाली, "मामंजी, त्याला एकट्याला अंधारात टाकून कशी येऊ? एवढी एक चूल पेटती राहू द्या."

हिरूचाही जीव तुटत होता, नातूच तो त्याचा. पण रीत मोडली तर देव अख्ख्या वाडीवर कोपेल, या भीतीनं त्यानं स्वतःच्या हातानं सुनेच्या चुलीवर पाणी ओतलं.

नेमका त्याच दिवसांत साहेब आला. घरं रिकामी, चुली गार. डोंगर ओसाड आहे, असं त्यानं वर कळवून टाकलं. वाडी परतली तेव्हा घरं पाडलेली होती, आणि साहेबाच्या तंबूची खुंटी त्या ओल्या मातीतच ठोकलेली होती.

हिरूनं पाय धरले, आम्ही इथलेच म्हणून सांगितलं. साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, मग एकही चूल पेटलेली का नव्हती? हिरूनं वळून ठमीकडं बघितलं. शिपायांनी सगळ्यांना खाली हाकललं.

ठमी तेवढी हलली नाही. तिनं खुंटीशेजारी तीन दगड मांडले. शिपाई चूल विझवायचे, ती पुन्हा पेटवायची. बाया चोरून नाचणी पोचवायच्या, आणि वाडी खालून धूर बघत राहायची. पावसाळ्यात धुकं उतरलं. ते निवळलं तरी धूर दिसेना, तेव्हा हिरू धापा टाकत वर आला. ठमी गेली होती. हात मातीवर तसाच होता. ज्या हातानं पाणी ओतलं, त्याच हातानं हिरूनं ती चूल पेटवली, आणि ढसाढसा रडला म्हणे.

परवा पाटी बदलायची म्हणून बैठक झाली. एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, जुनं उकरून काय मिळणार? मी म्हटलं, उकरू नकाच, खाली आमचं पोर आहे. पाटी काही बदलली नाही.

आजही आम्ही वाडी मोकळी करतो. सगळे रानात उतरतात, आणि ज्या घरातलं मूल त्या वर्षी गेलं, त्या घरची बाई इथं येऊन चूल पेटती ठेवते. एखाद्या वर्षी कुणाचंच मूल जात नाही, तेव्हा आम्ही म्हातारे बसतो. यंदा बसली आहे ती माझी सून.

आता त्या समोरच्या बंगल्याचा रखवालदार चूल विझवायला पाण्याची बादली घेऊन येईल, रोज येतो. म्हणून मी इथं उभा आहे.