तीन रंगांची अंडी आणि दगडूबाईची खुडूक कोंबडी

या, सरका इकडे. पांघरूण ओढू नका, सगळ्यांना पुरेल. गुंड्या, उशीखाली काही टोचतंय का रे? नाही? बरं. नसेल टोचत.

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या एका गावात केवडाबाई नावाची एक बाई होती. तिला कोंबड्यांचं भारी वेड. वेड म्हणजे कसलं, तर रंगांचं. काळ्या कोंबड्याला पांढरी कोंबडी जोडून बघायची, तांबडीला कबरी. पिल्लं झाली की मांडीवर घेऊन एकेक पीस उलगडून बघायची. तिच्या अंगणात पिवळ्या कोंबड्या होत्या, ठिपक्यांच्या होत्या, मानेला सोनेरी किनार असलेल्याही होत्या. अंडी मात्र सगळ्यांची मेली मातकट.

मग एक दिवस रानातून एक कोंबडा आला. मान निळी, शेपूट हिरवं, चाल अशी की जणू गाव त्याच्या नावावर आहे. केवडाबाईनं त्याला ज्वारी टाकली आणि ठेवून घेतला. तिच्या मनात आलं, याच्या लेकी रंगीत अंडी घालतील.

पण गंमत काय, बरं का, केवडाबाईच्या कोंबड्या मोठ्या नखरेल. अंडं घालायच्या आणि निघून जायच्या. उबवायला एक बसेल तर शपथ. खुडूक व्हायची ती फक्त शेजारच्या दगडूबाईची कोंबडी. दिसायला अगदी चिखलासारखी. पण एकदा अंड्यांवर बसली की दाणापाणी विसरायची, अंगाखालची ऊब सोडायची नाही.

आणि त्या गावात एक रीत होती. कुणाची खुडूक कोंबडी उसनी आणली, तर कवच फोडून पहिलं बाहेर येईल ते पिल्लू कोंबडीवालीला द्यायचं. अंडी कुणाची का असेनात. लिहिलेलं नव्हतं कुठं, बघायला कुणी येत नव्हतं. देणारीनं आपलं आपण द्यायचं.

मग केवडाबाईनं दगडूबाईची कोंबडी आणली, अंड्यांवर बसवली. पहिलं पिल्लू बाहेर आलं ते निळसर राखी! असं पिल्लू गावात कुणी पाहिलं नव्हतं. केवडाबाईच्यानं देववेना. तिनं ते पदराखाली घातलं आणि मागून आलेलं एक मातकट पिल्लू नेऊन दिलं.

दगडूबाईनं ते गालाला लावलं. म्हणाली, "आलं का गं माझं? तुझ्या हाताला यश येवो, पोरी."

केवडाबाईला कसंसंच झालं. पण घरी आली, निळं पिल्लू पाहिलं आणि विसरली.

मग दुसऱ्यांदा कोंबडी आणली. पहिलं पिल्लू आलं ते हिरव्या झाकेचं. तेही पदराखाली गेलं.

मग तिसऱ्यांदा आणली. पहिलं पिल्लू गुलाबी चोचीचं, पांढरंशुभ्र. आता तर कसंसंसुद्धा झालं नाही. दगडूबाईनं तिन्ही वेळा मातकट पिल्लू घेतलं आणि तिन्ही वेळा तोंडभरून आशीर्वाद दिला.

पिल्लं मोठी झाली आणि अंड्यांवर आली. एक निळं अंडं घालायची, एक हिरवं, एक गुलाबी. बातमी राणीपर्यंत गेली. माहेरी जाताना राणीची पालखी थेट केवडाबाईच्या अंगणात उतरली. सगळा गाव गोळा झाला. राणी म्हणाली, "ही अंडी मी नेईन. राजवाड्यात सगळ्यांना सांगेन, ही केवडाबाईची."

केवडाबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं निळं अंडं हातात घेतलं. तर अंड्यातून बारीक आवाज आला, "मी कुणाचं?"

"माझं," केवडाबाई म्हणाली. तशी अंड्याची निळाई उडाली. चुन्यासारखं पांढरंफटक झालं.

मग तिनं हिरवं उचललं. "मी कुणाचं?"

"माझंच गं बाई!" तेही पांढरं झालं. लोक कुजबुजायला लागले. राणीच्या कपाळाला आठी पडली.

मग उरलं गुलाबी. ते तिनं उचललं खरं, पण अंडं विचारायच्या आत गर्दीतून दगडूबाई पुढे आली. हात जोडून म्हणाली, "राणीसाहेब, तिच्यावर रागावू नका. लई सरळ मनाची पोर आहे. माझी कोंबडी न्यायची, तर दर वेळी पहिलं पिल्लू आणून द्यायची. एकदासुद्धा चुकली नाही."

बाळांनो, केवडाबाईला कुणी शिव्या दिल्या असत्या ना, तर तिनं ऐकल्या असत्या. हे ऐकवेना. कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अंडं विचारतच होतं, "मी कुणाचं? मी कुणाचं?"

"मावशी," ती म्हणाली, "मी तुम्हाला पहिलं पिल्लू एकदाही दिलं नाही. या तिन्ही कोंबड्या तुमच्या आहेत. ही अंडीसुद्धा तुमचीच."

गुलाबी अंडं तसंच गुलाबी राहिलं. दगडूबाईनं नुसतं बघितलं तिच्याकडे, आणि मग खाली. ते फार वाईट होतं.

राणीनं गुलाबी अंडं दगडूबाईकडून मागून घेतलं आणि पालखी गेली. केवडाबाईनं तिन्ही कोंबड्या शेजारी नेऊन सोडल्या. "तुमची मातकट पिल्लं परत नकोत मला," एवढंच ती म्हणाली. दगडूबाई म्हणाली, "देणार पण नाही. वाढवलीत मी."

मग किती दिवस केवडाबाई मान वर करून चालली नाही. विहिरीवर सगळ्या बायका गेल्या की मग जायची. अंडी टोपलीत पडून राहिली. खुडूक कोंबडी मागायला कुठल्या तोंडानं जाणार?

मग एका सकाळी दार वाजलं. दगडूबाई उभी, काखेत ती चिखलाच्या रंगाची कोंबडी. "अंडी नासवतेस का बसवतेस?"

केवडाबाई म्हणाली, "मावशी, पिल्लं निघतील तेव्हा तुम्ही येऊन बसा. आपल्या डोळ्यांनी बघा पहिलं कुठलं ते."

"मी कशाला बसू?" दगडूबाई म्हणाली. "तू आहेस ना."

आणि कोंबडी तिच्या हातात देऊन निघून गेली. केवडाबाई तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. पुढं पिल्लं निघाली. पहिलं आलं ते मोरपंखी, सगळ्यांत देखणं. त्याचं अंग वाळेपर्यंतच ती थांबली, मग ओंजळीत धरून जी पळत सुटली! पुढं दोघी सुखानं राहिल्या, कोंबड्याही राहिल्या.

झालं. मिटा डोळे आता. आणि गुंड्या, उशीखालचा तो भोवरा सकाळी ज्याचा आहे त्याला देऊन ये. मी काही बघायला येणार नाही. तू आहेस ना.