झऱ्याची गाठ आणि दुधाचे दात

एक होता राजा. मनाने फार चांगला, बरं का. त्याच्या गावाला एकच झरा, डोंगराच्या पोटातला. दर वर्षी फाल्गुनात झऱ्याच्या तोंडावर एक पांढरी वेल वाढायची. तिची अशी घट्ट गाठ बसायची की पाणीच बंद. ती गाठ कोयत्याने तुटत नसे, तलवारीने तुटत नसे. तुटायची फक्त दुधाच्या दातांनी. मग पाडव्याला शाळेतलं एक मूल यायचं, वाकायचं, कटकन गाठ तोडायचं, आणि पाणी सुटायचं.

ऐकते आहेस ना, मुक्ते? गाल का फुगलाय तुझा? बरं, ऐक.

एकदा काय झालं, राजाला वाटलं, मुलांनी शाळेत हसत यावं. त्याने हुकूम काढला: शाळेत येईल त्याला रोज गुळाचा खडा. मग काय! शाळा भरून गेली. मुलं खडा गालात धरून बसायची. कुणाचा जास्त वेळ टिकतो, अशी पैज लागायची. निजायचीसुद्धा खडा गालात ठेवून.

मग दातांवर काळे ठिपके आले. मग ठिपक्यांची भोकं झाली. मग मुलं जेवताना रडू लागली. मोठी माणसं म्हणाली, "दुधाचेच दात ते. पडायचेच आहेत." राजाही तेच म्हणाला.

त्या गावात सयाजी नावाचा गुळव्या होता. गूळ करून झाला की तो आपली मोठी काहील, म्हणजे रस उकळायची कढई, घासून ठेवायचा. एक दिवस चुकवायचा नाही. सात वर्षांच्या लेकीला, सगुणीला, म्हणायचा, "राहिलेला गूळ आंबतो, पोरी, आणि काहीलच खातो. तोंडाचंही तसंच."

सगुणी खडा जेवणाबरोबर खायची, मग खळखळून चूळ भरायची. सकाळी दात घासायची, निजायच्या आधी पुन्हा घासायची. मुलं चिडवायची, "आली, घासलेली काहील आली!" सगुणीला रडू यायचं. पण ती घासायची.

पाडवा आला. विहिरी आटल्या होत्या. गुरं हंबरत होती. सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन झऱ्यापाशी उभं राहिलं.

पहिली आली राजाची लेक, चारुमती. वेल दाताला लागली आणि ती किंचाळून खालीच बसली.

मग आला पंतोजींचा बापू. त्याने जोर लावला. दात तुटला, वेल तशीच.

राजाने लेकीचं तोंड उघडून पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, बरं का. आत काळी भोकं, सुजलेली हिरडी.

तेवढ्यात बापू तोंड धरूनच म्हणाला, "काहिलीला बोलवा." या वेळी कुणी हसलं नाही.

सगुणी आली. "बाबा, माझा पुढचा दात हलतोय," ती हळूच म्हणाली.

"मग शेजारच्याने चाव, बाळ," सयाजी म्हणाला.

तिने एकदा चावलं. दोनदा चावलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून चावलं, आणि कट! पाणी उसळून बाहेर आलं. घागरी भरल्या, गुरं प्यायली.

त्या हिसक्याने सगुणीचा हलणारा दात झऱ्याच्या पाण्यात पडला. राजाने तो उचलला. पांढरा, अखंड दात.

"हा पडायचाच होता," राजा म्हणाला. "तरी कुणीतरी तो रोज सांभाळला. मी माझ्या लेकीचे सांभाळले नाहीत."

चारुमतीचे तीन दात वैद्यांना काढावे लागले. महिनाभर ती भाकरी दुधात कुस्करून खायची. मग राजाने नवा हुकूम काढला: खडा जेवणाबरोबरच मिळेल, आणि नंतर चूळ. रोज दुपारी तो स्वतः तांब्या घेऊन शाळेच्या दारात उभा राहू लागला. पुढच्या पाडव्याला गाठ तोडायला बारा मुलं तयार होती. ते गाव पोटभर पाणी प्यायलं आणि सुखाने नांदलं.

आता मुक्ते, काढ तो गालातला खडा. ऊठ, दात घासून ये. तोवर मी अंथरूण झटकते. मग निजा सगळी.