पिसांचे सुतक

करंजाला टांगलेल्या त्या पिसांच्या जुड्यांना हात लावू नका. लावलात? मग आधी नदीवर जाऊन हात धुऊन या, मी थांबतो. तुमच्या गळाच्या पेटीत रंगीत पिसे आहेत, हे मी मघाशीच पाहिले. ती पेटी वेशीच्या आत येणार नाही. मागच्या वर्षी एक साहेब अशीच पेटी घेऊन थेट ओसरीपर्यंत आले होते, त्यांना आमच्या बायकांनी आल्या पावली परत धाडले. तुम्हाला निदान कारण तरी सांगतो, म्हणजे शहरात जाऊन आमच्या नावाने खडे फोडणार नाही.

ही आमची ऐलवाडी. डोहापलीकडे दिसते ती पैलवाडी. दोन्हीकडे भोई, दोन्हीकडे एकच धंदा, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे तोंड न पाहण्याची रीत. डोह कुणाचा, यावरून हे वैर लागले म्हणे. उन्हाळ्यात या डोहाचे पाणी इतके नितळ होते की जाळे टाकले तर माशाला त्याचा धागान्‌धागा दिसतो. तेवढे चार महिने खडस मासा फक्त पिसाच्या गळाला लागतो. गळावर पीस असे बांधायचे की माशाला तो पाण्यात पडलेला किडाच वाटावा. पिसे असली तर उन्हाळ्यात चूल पेटणार, नसली तर नाही, असा सगळा हिशेब.

पूर्वी अख्ख्या वाडीची पिसे चिमाक्का नावाच्या एका विधवा बाईच्या घरी असत. मडक्यांची मोठी उतरंड होती तिच्याकडे, एकेका पाखराचे एकेक मडके. नवी पिसे आली की ती तेरा दिवस बाहेर याच करंजाला टांगी. दहाव्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात धुई, सावलीत सुकवी, आणि तेराव्याला वेखंडाचा तुकडा घालून मडक्यात ठेवी. नव्या पिसाबरोबर कसर, म्हणजे पिसे खाणारी बारीक कीड, घरात शिरते, हे तिला ठाऊक होते. पण कसर म्हटले तर लोक मनावर घेत नाहीत, म्हणून ती ‘पिसाला सुतक आहे’ असे सांगे. सुतक म्हटले की सगळे आपसूक बाजूला सरत. तिचा मुलगा तेवढा हसायचा.

हैबती हा तिचा एकुलता एक. हाताचा कसबी आणि डोक्याचा गरम. एका वर्षी संक्रांतीच्या सुमारास पैलवाडीच्या चिंचेवर राखी बगळ्यांची घरटी होती. पैलवाडीकर त्या पाखरांना माहेरवाशिणी मानत. हैबतीने भर दुपारी गोफणीने वीस बगळे पाडले. पिसांची नड होती म्हणून नव्हे, पैलवाडीचे नाक कापायचे म्हणून. पिसांच्या देठांना रक्त अजून ओले होते. चिमाक्काने ती करंजाला टांगायला सांगितली आणि ती बाजाराला गेली. आता झाडावर टांगली तर पैलवाडीकरांना दिसणार आणि ते ओढून नेणार, म्हणून या शहाण्याने उतरंड उतरवली आणि मिळेल त्या मडक्यात ती पिसे कोंबली. आईला मात्र नदीत टाकली म्हणून सांगितले.

पाडव्याला मडकी उघडली तेव्हा आत नुसता भुसा होता, असे सांगतात. कोंबडा, तितर, मोर, खंड्या, कसरीने काही म्हणता काही ठेवले नव्हते. उन्हाळा तर तोंडावर आलेला. वाडीत लहान पोरे होती, बाळंतिणी होत्या.

पिसे फक्त पैलवाडीत होती. चिमाक्का पदर पसरून डोह ओलांडून गेली. तिथला म्होरक्या येमाजी म्हणाला, “ज्यानं पाखरं मारली त्यानं डोकं भादरून आमच्यासमोर तेरा दिस सुतक धरावं. मग बघू.”

हैबतीला हे कळले तेव्हा त्याने चार लोकांत सांगितले, “बगळ्याचं सुतक मी धरू? त्यापरीस मेलेलं बरं.”

रागाच्या भरात आपण सगळेच म्हणतो, की मी त्याच्या नावाने आंघोळ केली. म्हणतो आणि संध्याकाळी त्याला जेवायला वाढतो. चिमाक्का दुसऱ्या सकाळी दोन्ही काठांच्या देखत डोहात उतरली आणि जित्या मुलाच्या नावाने तिने खरोखर आंघोळ केली. ओलेत्यानेच येमाजीला म्हणाली, “मारणारा मेला. आता माझ्या घरात कुणी न्हाई.” येमाजीने आपल्या प्रत्येक मडक्यातून मूठमूठ पिसे दिली आणि वर बजावले, की तो पुन्हा तिच्या उंबऱ्याच्या आत दिसला तर पिसे परत घेईन. त्या माणसाचा मला आजही राग येतो. चिमाक्काचाही येतो. पण त्या उन्हाळ्यात वाडीतली एकही चूल थंड पडली नाही, हेही खरे.

हैबती त्याच दिवशी वाडी सोडून गेला. चिमाक्काने त्याचे सुतक धरले. तेराव्या दिवशी पैलवाडीचे लोक सुतक फिटलेले पाहायला तिच्या दारात येऊन बसले होते, आणि नेमका तेव्हाच हैबती आला. डोके भादरलेले. तेरा दिवस वरच्या खडकात एकटा बसून त्याने बगळ्यांचे सुतक धरले होते म्हणे. हातात पिसांची जुडी होती, नदीकाठी गळालेली एकेक वेचून बांधलेली. तो उंबऱ्याशी थांबला. आईने वर पाहिले. पैलवाडीकर तिच्या तोंडाकडे बघत होते.

ती म्हणाली, “पाव्हणं, पिसं आणली असतील तर झाडाला बांधा. घरात आणू नगा.”

त्याने जुडी करंजाला बांधली आणि तो नदीच्या अंगाने निघून गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

आता पाखरू मारायला बंदी आहे, आम्हीही गळालेली पिसेच वेचतो. पण सुतक सुटलेले नाही. आजही पिसे घेऊन आलेल्या पोटच्या पोराला आमच्याकडे आई दारातच अडवते आणि ‘पाव्हणं’ म्हणते. तेरा दिवस तो ओसरीवर जेवतो, ओसरीवर निजतो. तेराव्या दिवशी जुडी उतरवली की ती त्याला नाव घेऊन हाक मारते, आणि ती हाक अशी मोठ्याने मारायची असते की पैलवाडीपर्यंत जावी. हाक ऐकायला तो पोरगा सकाळपासून दारात उभा असतो.

तेव्हा पाव्हणं, ती पेटी झाडाला बांधा.