सटवाजीने टाकी शुद्ध केली

करडवाडी नावाच्या गावात सटवाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. ग्रामपंचायतीत कामाला. सांगितलेलं सगळं तो ऐकायचा. दोष काय तो तेवढाच.

त्या वर्षी गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं. सरपंच हौसाबाईंनी बक्षिसाच्या फोटोसाठी साडीसुद्धा काढून ठेवली. सटवाजीला त्यांनी फिनाईलची बाटली दिली.

"एका बादलीला एक झाकण टाक आणि कचेरी पूस."

सटवाजीने झाकण शोधलं. पिंपाचं सापडलं, चांगलं परातीएवढं. त्यात अख्खी बाटली मावली.

त्या दिवशीची सभा पाच मिनिटांत आटोपली. सदस्य न भांडता, डोळे पुसत बाहेर पडले. गावात असं प्रथमच घडलं.

"अरे शहाण्या," हौसाबाई खेकसल्या, "ज्यातलं ओतायचं, त्याचंच झाकण घ्यावं!"

"बरं बाई."

मग महिला मंडळाचा मेळावा आला. वाळ्याच्या सरबताचा कॅन पुढे ठेवून हौसाबाई म्हणाल्या, "एकास चार पाणी घाल. कळलं?"

कळलं. कॅनच्याच झाकणाने एक झाकण सरबत, चार झाकणं पाणी. प्रमाण अगदी चोख. समोर शंभर बायका. अध्यक्षीणबाईंनी पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि सरबत छान झाल्याचं जाहीर केलं. बाकीच्यांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

"अरे," हौसाबाई ओरडल्या, "माणसं मोजावी! जितकी माणसं, तितक्या पटीने करावं!"

"बरं बाई."

पुढे हौसाबाईंच्या म्हशीचं पोट साफ होईना. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "अर्धी वाटी औषध तांब्याभर पाण्यातून पाज."

सटवाजीने माणसं मोजली. गोठ्यात आठ जण जमले होते. त्याने औषध आठपट केलं. पाणी तेवढं तांब्याभरच राहिलं, कारण तांब्या एकच होता.

म्हैस वाचली. गोठा वाचला नाही.

डॉक्टर कपडे झटकत ओरडले, "औषध जास्त पडलं तर पाणी वाढवावं रे! पातळ केलं की झालं!"

"बरं डॉक्टर."

अखेर तपासणीचा दिवस उजाडला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पाणी शुद्ध करायच्या औषधाचा कॅन सटवाजीच्या हाती दिला. "हजार लिटरला पाच मिली. आपली टाकी दहा हजारांची. मग किती?"

"पन्नास!"

भाऊसाहेबांना आनंदाने भरून आलं. पन्नास काय, हे विचारायचं त्या भरात राहूनच गेलं.

कॅनवर लिटर लिहिलं होतं. म्हणून सटवाजीने पन्नास लिटर ओतायला घेतलं. पण कॅनमध्ये पाचच निघालं. पंचेचाळीस कमी पडलं, याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने तसं भाऊसाहेबांना सांगितलं.

भाऊसाहेब पांढरेफटक पडले. "पाच लिटर? अरे मेल्या, याला दहा लाख लिटर पाणी लागेल! शंभर टाक्या!" नळ कुणी उघडू नका, असं ओरडत ते गावात धावले.

सटवाजी एकटा उरला. त्याने शांतपणे विचार केला. औषध जास्त पडलं. पाणी वाढवावं. त्याने विहिरीवरचा पंप सुरू केला.

दुपारी तपासणीचे साहेब आले. वेशीपासूनच त्यांनी बूट हातात घेतले होते. रांगोळ्या वाहून गेल्या होत्या, उकिरडा शाळेच्या दारात येऊन थांबला होता. हौसाबाई नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून हार घेऊन उभ्या होत्या.

"पाणी कोण सोडतंय?" साहेब गरजले.

"मी, साहेब!" टाकीवरून सटवाजीने हात जोडले. "शंभर टाक्या लागणार आहेत. तीन झाल्या आणि आमची विहीर आटली. तुमच्या गावची विहीर घेऊन या ना, तोवर मी इथेच थांबतो."