ढोलाच्या पुढचं पाऊल

“पण ते पाय कोणाचे होते?” मेत अर्सेन यांनी विचारलं.

सिदोनीने कॉफीचा कप तोंडाशी नेला होता. तो तसाच राहिला.

“कुठले पाय?”

“सिनेमातले.”

“माझेच की.”

नीरफणसाच्या झाडाखाली बसून मेत ढोलाच्या खुंट्या पिळत होते. एक खुंटी पिळायची, कातड्यावर टिचकी मारायची, कान लावायचा, मग पुढची खुंटी.

“माझेच,” सिदोनी पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज जरा खाली आला होता.

टिचकी. कान. पुढची खुंटी...

ग्वाडेलूप हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. उसाचे मळे, मधोमध ज्वालामुखीचा डोंगर, आणि अंमल मात्र सातासमुद्रापलीकडच्या फ्रान्सचा. तिथे ढोल शिकवणाऱ्याला मेत म्हणतात, आपण उस्ताद म्हणतो तसं. मेत अर्सेन यांच्या अंगणात बेटावरच्या कितीतरी जणांनी पहिलं पाऊल टाकलं होतं. सिदोनी त्यांतलीच.

पण ती उडाली थेट पॅरिसला. ऐन विशीत, एका नाचाच्या कंपनीबरोबर.

तिकडे काही कोणी हार घेऊन उभं नव्हतं. आधी रंगमंचावर मागची रांग, मग पुढची. मग सिनेमात कोणाची तरी मोलकरीण, कोणाची तरी नर्स, दार उघडून ‘पाहुणे आलेत’ म्हणणारी कोणीतरी. बेटावरून गेलेल्यांना तिकडे अशीच दारं उघडायला मिळतात. सिदोनीने ती इतक्या ऐटीत उघडली, की लोक तिचं नाव विचारू लागले. आणि केसांत पांढरं दिसायला लागल्यावर, एकदाची ती नायिका झाली.

त्या सिनेमात तिचा एक नाच होता. त्या नाचासाठी तिला मोठं बक्षीस मिळालं.

गावाने तो सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये पांढरी चादर टांगून पाहिला. नाच संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं तिच्या आत्याने फोनवर सांगितलं. आणि जाता जाता म्हणाली, “मेत तेवढे मध्येच उठून घरी गेले बाई. काय झालं कुणास ठाऊक.”

झालं. सगळ्या गावाच्या टाळ्या एकीकडे राहिल्या आणि सिदोनीच्या मनात एवढंच वाक्य रुतून बसलं. म्हातारा जळतो, असं तिने आधी स्वतःला समजावून पाहिलं. मग डोळे अधू झाले असतील, असं. दोन्ही पटेना. म्हणून ती आली होती.

गावाला अर्थात वाटत होतं, ती सत्कारासाठी आली. आज ऊन उतरलं की याच अंगणात रिंगण धरायचं, ढोल वाजायचे आणि सिदोनी नाचायची, असं ठरलंही होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात?

“मेत.”

“हं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

मेतनी खुंटी सोडली. “पाय छान होते. शिकलेले होते. पण तुझ्या चेहऱ्याला त्यांची ओळख नव्हती.”

सिदोनीने कप खाली ठेवला. तिचे कान तापले. मुलाखती घेणाऱ्यांना तिने हसत हसत बोटांवर खेळवलं होतं, बक्षीस घेताना हजार माणसांपुढे ती अडखळली नव्हती. आणि इथे एका फाटक्या बनियनमधल्या म्हाताऱ्यापुढे तिला वर बघवेना.

तिने झगा गुडघ्यापर्यंत वर केला. उजव्या गुडघ्याला पट्टा होता. पट्टा सोडला. आतलं सगळं सुजलेलं, एका बाजूला कललेलं.

“गेला हा,” ती म्हणाली. “चेहरा माझा घेतला, हात माझे घेतले. कमरेखाली एका तरण्या मुलीचे पाय. मला म्हणाले, असं सगळेच करतात.”

“करत असतील.”

“टाळ्या त्या मुलीच्या आहेत, मेत. मी घेऊन बसलेय.”

मेतनी गुडघ्यावर तळवा ठेवला. आयुष्यभर कातड्यावर आपटून तो तळवा लाकडासारखा झाला होता, पण ठेवला इतका हलकेच, की सिदोनीला रडू आलं.

“दुखतं?”

“नाचताना दुखतं. आणि नाचत नसले की जास्त.”

“हं...”

“आज मला सांभाळून घ्या,” ती घाईघाईने म्हणाली. “लोकांना सांगा, डॉक्टरांनी बंदी केलीय. तुमच्या शब्दापुढे कोणी जाणार नाही. मी हात हलवीन, सगळ्यांना भेटीन. पण रिंगणात नको. त्यांनी तो सिनेमातला नाच पाहिलाय. आता हा पाय पाहिला तर...”

“बक्षीस कुठे ठेवलंस?”

“कपाटात.”

“दार लागतं का त्याचं?”

“लागतं.”

“मग बरं आहे. पडून राहू दे.”

मेतनी ढोल पुढे ओढला, दोन्ही गुडघ्यांमध्ये धरला आणि म्हणाले, “चपला काढ.”

“मेत, मी आत्ताच सांगितलं ना—”

“काढ.”

आवाज चढला नव्हता. पण हा शब्द तिने लहानपणी इतकी वर्षं ऐकला होता, की तिने विचार करायच्या आत चपला निघाल्या होत्या. पायाखाली चोपलेली माती आली. घट्ट आणि गार.

ती उभी राहिली.

मेतचे हात कातड्यावर. नजर तिच्या पावलांवर.

कुठेतरी कोंबडा ओरडला.

...

“वाजवा ना,” सिदोनी म्हणाली.

“काय वाजवू?”

“काहीही. तुम्ही सुरू करा, मी येते मागून.”

मेतनी हात कातड्यावरून उचलले. असे उचलले, जणू चटका बसला.

“मागून?”

सिदोनीने जीभ चावली.

त्या बेटावर मागचे दोन ढोल ठेका धरतात, आणि पुढचा एक ढोल नाचणाऱ्याचे पाय बघून वाजतो. पाय उडी घेतील तर ढोल उडी घेतो, पाय घुटमळले तर ढोल घुटमळतो. नाचणारा पुढे, ढोल मागे. ही रीत तिथलं शेंबडं पोरही जाणतं. सिदोनीने ती परदेशात किती मुलाखतींमध्ये हातवारे करून समजावली होती! ऐकणारे माना डोलवायचे, आणि मुलाखत संपली की ती पुन्हा स्टुडिओत जाऊन आधीच भरून ठेवलेल्या संगीतामागे धावायची. धावता धावता सवय कधी लागली, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“पुढे टाकायला पाय तर हवेत!” ती चिडून म्हणाली. डोळे भरून आले होते, ते लपवायला राग बरा पडतो. “तुम्हाला एवढं सांगून, दाखवून... जाऊ दे. मी आत्याकडे जाते. लोकांना काय सांगायचं ते सांगा.”

तिने चपला हातात घेतल्या आणि फाटकाकडे निघाली.

ढुम्... टक.

ढुम्... टक.

ती थांबली. ढोल थांबला.

ती निघाली. ढुम्... टक.

सिदोनी गर्रकन वळली. “चेष्टा करताय माझी?”

“मी कशाला करू?” मेत म्हणाले. “तू चाललीस. मी वाजवलं.”

“मी लंगडतेय! तेच वाजवलंत!”

“तेच समोर आहे.”

सिदोनीने रागाने पाऊल आपटलं. ढोलही तसाच आपटला. तिने दुसरं अर्धंच टाकलं. ढोलाने अर्धंच टाकलं. मग तिने मुद्दाम, म्हाताऱ्याची फजिती करायची म्हणून, दुखरा पाय मातीवरून फरफटत ओढला. मेतनी अंगठा ओला केला आणि कातड्यावरून तसाच ओढत नेला. ढोल कण्हल्यासारखा वाजला, थेट म्हशीसारखा.

सिदोनी फसकन हसली. हसताना नाकातून पाणी आलं. परदेशात नायिका असली तरी इथे झग्याच्या बाहीला नाक पुसायला कोणाची चोरी नव्हती.

“पुन्हा ओढू?”

“मला काय विचारतेस?”

तिने चपला टाकल्या. पाय ओढला, थबकली, चांगल्या पायावर गिरकी घेतली. ढोल बरोबर होता. बरोबर म्हणजे शेजारी नव्हे, एक श्वास मागे, पायाखालून माती निघायच्या आत पोचणारा. दुखऱ्या पायावर भार द्यायच्या आधी ती क्षणभर थांबत होती. दुखेल या भीतीने थांबत होती. त्या थांबण्यात मेत बोटांच्या टोकांनी बारीक काहीतरी पेरत होते.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, तिथे नुसतं दुखणंच आहे.

मग ती तिथे जरा जास्त थांबू लागली. बोटं काय करतात ते ऐकायला.

ढोल वाजला की गाव घरात राहत नाही. सगळ्यात आधी आत्या आली, डोक्यावर खुर्ची घेऊन. मग शेजारणी आल्या, कढईतली भजी तशीच फडक्याखाली झाकून. मागचे दोन ढोल वाजवणारे भाऊ आले आणि एक शब्द न बोलता आपापल्या ढोलावर बसले. कोणीतरी गाणं उचललं. बायकांनी टाळ्यांवर त्याला उत्तर दिलं.

सिदोनीने वर पाहिलं तेव्हा रिंगण कधीच धरून झालं होतं, आणि ती मधोमध होती. अनवाणी. गुडघ्याचा पट्टा तिकडे कॉफीच्या कपाशेजारी पडलेला.

सगळे बघत होते. चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे बघत होते. आत्याने तर तोंडावर हात ठेवला होता.

आता पळायचं म्हटलं तरी पळवणार नव्हतं. तिने मेतकडे पाहिलं. मेत तिच्या पावलांकडेच बघत होते, मघाशी बघत होते तसेच, जणू अंगणात दुसरं कोणी आलंच नव्हतं.

ती नाचत राहिली.

आणि मग गुडघ्याने दगा दिला.

सावकाश नाही, एकदम. उजवा पाय आत दुमडला, कंबर एकीकडे गेली, तळहात मातीला टेकला. गाणं तुटलं. बायकांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. मागचे ढोल दबले. आत्या किंचाळायचीच बाकी होती.

मेतचा हात वर थांबला होता. कातड्यापासून वीतभर वर. म्हातारा अर्धा उठून उभा होता, श्वास धरून, डोळे तिच्या पावलावर.

...

कोणी पुढे झालं नाही. रिंगणातल्या माणसाला हात द्यायला जात नाहीत.

सिदोनीने मातीवरचा तळहात रेटला. अंग वर आलं, वाकडंतिकडं, कसंही. डावं पाऊल जिथे पडायला नको तिथे जाऊन पडलं.

ढुम्म्!

मेतचा हात त्याच क्षणी तिथेच पडला होता.

अंगणातून अशी आरोळी उठली, की नीरफणसावरचे पक्षी उडाले. एक म्हातारी रडतही होती आणि टाळ्याही वाजवत होती. मागच्या ढोलांनी ठेका पुन्हा घट्ट धरला. सिदोनीने एक गिरकी घेतली, अर्धीच. मग रीतीप्रमाणे ती पावलं टाकत ढोलापाशी आली, नाच मिटवला आणि कातड्यावर कपाळ टेकलं. कातडं गरम होतं.

लोक ओरडत होते. तिला ते नीट ऐकू येत नव्हतं. छाती भात्यासारखी चालली होती, आणि इतक्या वर्षांच्या कामाची सवय सुटता सुटत नव्हती.

“मेत,” ती कपाळ न उचलता हळूच म्हणाली, “तिथे मी चुकले.”

मेत धापा टाकत होते.

“सुरुवातीपासून एकदा घेऊ या? या वेळी नीट करते.”

मेतनी तळवे सदऱ्याला पुसले. सदरा नव्हताच, फाटकं बनियन होतं, त्यालाच पुसले. मग डोळे पुसले.

...

शेवटी ते वाकले, तिच्या कानाशी आले आणि म्हणाले,

“पोरी, तुझ्या पावलावाचून माझा हात कुठे एकटा पडला का?”