कोळिणीचे पिवळे फडके

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. लोक उथळ जागा बघून पायी नदी ओलांडत. अशाच एका जागेपाशी एक कोळीण राहायची. रोज सकाळी ती आपले पिवळे लुगडे धुऊन उंच काठीवर वाळत घाली. नदीतला काळा खडक पाण्याखाली गेला, की ते काढून घेई, कारण पूर आला की तिची झोपडीत आवराआवर सुरू व्हायची.

पलीकडच्या लोकांनी हे कधी हेरले, कोण जाणे! लुगडे दिसले की ते पाण्यात उतरत, नाही दिसले तर काठावर बसून राहत. हे कळल्यावर कोळीण जपून वागू लागली. लुगडे विरले, तेव्हा तिने त्याचाच तुकडा काठीला बांधला आणि तो चढवण्या-उतरवण्याचा नेम कधी चुकवला नाही. येणारे-जाणारे त्या तुकड्याला हात जोडू लागले.

एकदा त्या देशाचा राजा तिथे आला. त्याला भारी नवल वाटले.

"या फडक्यात आहे तरी काय?" त्याने सोबतच्या विणकराला विचारले.

"जाडंभरडं सूत, महाराज."

रंगारी म्हणाला, "हळदीचा रंग, महाराज. तोही उडालेला."

कोळिणीला विचारायचे मात्र राजाला सुचले नाही. राजेच ते! त्याने ते फडके काढून तिथे जरीच्या काठाचे पिवळे रेशमी निशाण लावले, दोन पहारेकरी उभे केले आणि त्याला मिळणारा मान बघायला तिथेच तळ ठोकला.

"महाराज, हे उतरवावं लागतं," कोळीण म्हणाली.

"राजाचं निशाण उतरत नसतं, बाई!"

तिसऱ्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि काळा खडक दिसेनासा झाला. नेमकी तेव्हाच पलीकडे एक बैलगाडी आली. कोळिणीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत होती. निशाण फडकताना पाहून जावयाने बैल बिनधास्त पाण्यात घातले.

कोळीण ओरडली, पण पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? तिने मासे कापायचा कोयता उचलला, पहारेकऱ्याला ढकलले आणि निशाणाची दोरी तोडली. निशाण चिखलात पडले. पाणी बैलांच्या पोटाला लागले होते. जावयाने वर पाहिले आणि घाईघाईने गाडी मागे वळवली.

पहारेकऱ्यांनी तिला राजापुढे ओढत आणले.

"माझं निशाण चिखलात टाकलंस?" राजा कडाडला.

कोळीण म्हणाली, "महाराज, रेशीम तुमचं, जर तुमची. पण माझ्या लेकीला त्यात तुमचं राज्य नाही दिसलं, गुडघाभर पाणी दिसलं. ते वेळेवर उतरायचं, म्हणून तर लोक त्याला मानायचे."

राजाने पुराकडे पाहिले आणि त्याची मान खाली गेली. त्याने स्वतः तिचे हात सोडवले.

पाणी ओसरले, जुने फडके काठीवर चढले आणि लेक माहेरी पोचली. चार दिवसांनी तिला मुलगी झाली. राजाने ते रेशीम धुऊन तिच्या दुपट्यासाठी पाठवले. तेव्हापासून त्या देशात दारात पिवळे रेशीम वाळताना दिसले, की लोक विचारतात, "बाळ झालं वाटतं?"

तात्पर्य: निशाणाला अर्थ ना कापडाने येतो, ना हुकमाने, तो माणसांच्या रोजच्या वागण्याने येतो.