टिंबीचा समुद्र हरवला

वाळू हलली. खुसखुस, खुसखुस!

वाळूतून आलं एक नाक. मग दोन डोळे. मग चार चिमुकले पाय. कोण बरं? अहो, ही तर टिंबी! कासवाचं पिल्लू. एवढीशी, वाटीत मावेल एवढी.

तिची भावंडं केव्हाच समुद्रात गेली. टिंबी झोपाळू, राहिली मागे!

चमचम दिसेल तिकडे चालायचं, तिथेच समुद्र. एवढंच कासवांना ठाऊक असतं. टिंबीला चमचम दिसली. निघाली की! लुटुलुटु, लुटुलुटु!

पण हा कुठला समुद्र? हा तर कुंदाकाकूंच्या पडवीतला दिवा! संध्याकाळ झाली होती. इकडे दिवा, तिकडे दिवा, नुसता लखलखाट. समुद्राची चमचम दिसेचना.

टिंबी घाबरली. उजाडायच्या आत पाण्यात शिरायला हवं. उजाडलं की कावळा येतो!

"काकू, काकू, दिवा मालवा ना!
समुद्र माझा हरवला!"

काकू म्हणाल्या, "दिवेलागणीला अंधार? नको गं बाई! दारात आलेली लक्ष्मी परत जाईल. चाचा मालवतील, तर मी मालवीन."

टिंबी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु!

शेजारी हमीदचाचा जाळं विणत होते. डोक्यावर लांबलचक ट्यूब.

"चाचा, चाचा, दिवा मालवा ना!
काकू म्हणतात, चाचा आधी.
समुद्र माझा हरवला!"

चाचा म्हणाले, "बेटा, जाळ्याऐवजी माझी दाढीच विणली जाईल! तात्या मालवतील, तर मी मालवीन."

टिंबी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु!

पुढे तात्यांची टपरी. लाल, निळ्या, पिवळ्या दिव्यांची माळ. कढईत भजी. चर्र, चर्र!

"तात्या, तात्या, दिवा मालवा ना!
चाचा म्हणतात, तात्या आधी.
काकू म्हणतात, चाचा आधी.
समुद्र माझा हरवला!"

तात्या म्हणाले, "अंधारात भजी तळू? छे छे! गुरवकाका मालवतील, तर मी मालवीन."

टिंबी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु!

देवळापुढे खांब. खांबावर मोठ्ठा दिवा. डोळे दिपले बाई! गुरवकाका देवाचा हार ओवत होते.

"काका, काका, दिवा मालवा ना!
तात्या म्हणतात, गुरव आधी.
चाचा म्हणतात, तात्या आधी.
काकू म्हणतात, चाचा आधी.
समुद्र माझा हरवला!"

गुरवकाका म्हणाले, "सगळ्यांच्या दारी उजेड, आणि देवानेच अंधारात बसायचं? काकू मालवतील, तर मी मालवीन."

आता काय करायचं? पाय दुखले. डोळ्यांत पाणी आलं. टिंबी परत फिरली. लु... टु... लु... टु...

"काकू, काकू, दिवा मालवा ना!
गुरव म्हणतात, काकू आधी.
तात्या म्हणतात, गुरव आधी.
चाचा म्हणतात, तात्या आधी.
काकू म्हणतात, चाचा आधी.
समुद्र माझा हरवला!
मग आधी कोण?"

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आम्ही बसलोय एकमेकांकडे बघत, आणि हे लेकरू फिरतंय गोल गोल!"

काकूंचा आवाज खणखणीत. हाक मारली की माडावरचा नारळ पडेल!

"ओ चाचा! ओ तात्या! ओ गुरवकाका! आधी कोणी नको, नंतर कोणी नको. सगळे एकदम! घरातल्यांनाही बोलवा!"

पोरं आली, आजोबा आले, तान्ही बाळंसुद्धा कडेवर बसून आली. सगळे ओरडले, "एक... दोन... तीन!"

टक! गुरवांचा दिवा गेला.
टक! तात्यांची माळ गेली.
टक! चाचांची ट्यूब गेली.
टक! काकूंचा दिवा गेला.

काकूंनी आत देवापाशी इवलंसं निरांजन लावलं. "लक्ष्मीला एवढं पुरे," त्या म्हणाल्या. "आणि एवढे दिवे विझले, की धरतीलाही जरा गार वाटेल. फार तापते हो बिचारी."

आणि तिकडे, लांब... चमचम! चमचम!

टिंबी धावली. लुटुलुटुलुटुलुटु! लाट आली. सळ्ळ्! टिंबीने मागे वळून पाहिलं.

"काकू, चाचा, तात्या, काका,
सगळ्यांनी दिवा मालवला.
समुद्र माझा सापडला!
मोठी झाले की परत येईन. माझी अंडी तुमच्याच वाळूत ठेवीन."

डुबुक! गेली.

सगळे काकूंच्या पायरीवर बसले. चाचा वर बघून म्हणाले, "या अल्ला, केवढ्या चांदण्या! होत्या कुठे इतके दिवस? टिंबीबेटा, तुझ्यामुळे दिसल्या गं!" तात्यांची भजी गार झाली होती. पण सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

टिंबी पोचली समुद्रात, आपण पोचलो अंथरुणात. आता आपला दिवा कोण मालवणार? आई आधी? बाबा आधी? बाळ आधी?

छे! सगळे एकदम!

एक... दोन... तीन...

टक!